पोष्टानें खेळलेला एक डाव

बुद्धिबळें म्हटलीं म्हणजे पटाच्या दोहों बाजूंस तासन्‌तास डोकें धरून बसलेले दोन खेळाडू, भोंवतीं न विचारतां सल्ला देणारी चारदोन मंडळी आणि मधूनच ऐकूं येणारा ‘शह’, असें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु या खेळाचा एक प्रकार असाही आहे कीं, त्यांत प्रतिपक्षाचें तोंड जन्मांत एकदांही पाहावें लागत नाहीं. आपल्या घरीं पट मांडावा, खेळी ठरवावी, ती कार्डावर लिहून पेटींत टाकावी, आणि उत्तर येईपर्यंत आपल्या उद्योगास लागावें. अशा रीतीनें खेळल्या गेलेल्या एका डावाचा अभ्यास वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. डाव अवघ्या ४२ खेळ्यांचा. पण ज्या स्पर्धेंतला तो आहे ती १९६५ सालीं सुरू होऊन १९६८ सालीं संपली.

पत्रद्वारा खेळण्याची ही चाल युरोपांत बरीच जुनी आहे. १८२४ ते १८२८ या काळांत लंडन व एडिंबरो येथील दोन मंडळांमध्यें असे पांच डाव झाले व त्यांत एडिंबरोकरांची सरशी झाली; ‘स्कॉच’ या नांवानें जो प्रारंभ बुद्धिबळाच्या ग्रंथांत ओळखला जातो त्याचें तें नांव याच सामन्यावरून पडलें. पुढें विसाव्या शतकाच्या मध्यास या प्रकाराची जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा निघाली, आणि पहिलें पद ऑस्ट्रेलियांतील सेसिल पर्डी यांनीं १९५३ सालीं मिळविलें. आमचा डाव या मालिकेंतील पांचव्या स्पर्धेच्या अंतिम फेरींतला आहे. फेरींत सतरा खेळाडू होते, म्हणजे प्रत्येकास सोळा डाव. त्यांपैकीं हान्स बर्लिनर यांनीं बारा जिंकले, चार बरोबरींत सोडविले, आणि हरला एकही नाहीं. दुसऱ्या क्रमांकाहून ते तीन गुणांनीं पुढें राहिले.

हे बर्लिनर १९२९ सालीं बर्लिन शहरांत जन्मले. नाझी अंमल सुरू झाल्यावर त्यांच्या कुटुंबानें देश सोडला व १९३७ सालीं तें अमेरिकेस गेलें. ज्या डावाविषयीं आम्ही लिहीत आहों त्यांत पांढरीं मोहरीं होतीं तेव्हांच्या सोव्हिएट संघांतील याकोव्ह एस्ट्रिन यांच्याकडे, व काळीं बर्लिनर यांच्याकडे. एस्ट्रिन हे जसे खेळाडू तसेच ग्रंथकार; ‘दोन घोड्यांचा बचाव’ या प्रारंभावर त्यांनीं स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. आणि बर्लिनर यांनीं त्यांच्याविरुद्ध निवडला तो नेमका हाच बचाव! तिसऱ्या खेळीस काळ्यापुढें दुसरे सौम्य मार्ग मोकळे होते. ज्यानें एखाद्या सूत्रावर भाष्य लिहिलें आहे त्याच्याशींच त्या सूत्राच्या अर्थावरून वाद मांडावा, तसा हा प्रकार झाला. पण आमच्या जुन्या पंडितांची रीत येथें आठवते. प्रतिपक्षाचें म्हणणें त्याला स्वतःला मांडतां येणार नाहीं इतक्या उत्तम रीतीनें आधीं पूर्वपक्ष म्हणून मांडावयाचें, आणि मगच त्याचें खंडन करावयाचें. बर्लिनर यांनीं तेंच केलें असें डाव पाहतां आम्हांस वाटतें.

डाव मांडण्यापूर्वीं या खेळाचे नियम थोडक्यांत सांगितले पाहिजेत. त्या काळीं दहा खेळ्यांस तीस दिवस अशी मुदत असे. टपालांत जाणारा काळ हिशेबांत धरीत नसत. पुस्तकें उघडण्यास मनाई नाहीं, पटावर मोहरीं हलवून पाहण्यास मनाई नाहीं. समोरासमोरच्या खेळांत मोहऱ्यास हात लागला कीं तें हलवावेंच लागतें. येथें तें बंधन नाहीं. मात्र कार्ड एकदां पेटींत पडलें कीं विषय संपला. तेव्हां ज्याला पुस्तकांतील पाठ येत नाहीं तो येथें हरत नाहीं, कारण पाठ दोघांच्याही मेजावर उघडाच असतो. हरतो तो पाठ जेथें संपतो तेथें ज्याचा विचार थांबतो तो.

रशियन माणसाची लिपी अमेरिकनास वाचतां येत नाहीं, म्हणून कार्डावर खेळी अंकांनीं लिहितात. ही पद्धत इतकी सोपी आहे कीं घरांतल्या आठ वर्षांच्या मुलासही ती पांच मिनिटांत समजेल. पांढऱ्याच्या डाव्या हाताकडून पटाच्या उभ्या ओळींस १ ते ८ अंक द्यावे, आणि पांढऱ्याच्या बाजूनें आडव्या ओळींसही तसेच १ ते ८ द्यावे. प्रत्येक घराचें नांव दोन अंकी झालें: पहिला अंक उभ्या ओळीचा, दुसरा आडव्या ओळीचा. खेळी चार अंकांची. आधीं निघण्याचें घर, मग पोंचण्याचें. राजापुढील प्यादें दोन घरें चालविलें कीं लिहावयाचें ५२५४. किल्लेकोट केला तर फक्त राजाची चाल लिहावयाची. (आपल्याकडील जुन्या पद्धतीच्या खेळांत प्यादें पहिल्यानेंही एकच घर चाले, हें वडील मंडळींनीं क्षणभर विसरावें, हा डाव पाश्चात्य नियमांचा आहे.)

आतां पट मांडून पुढील डाव लावावा. प्रत्येक जोडींत पहिली खेळी पांढऱ्याची, दुसरी काळ्याची.

१) ५२५४ ५७५५, २) ७१६३ २८३६, ३) ६१३४ ७८६६, ४) ६३७५ ४७४५, ५) ५४४५ २७२५, ६) ३४६१ ३६४४, ७) ३२३३ ६६४५, ८) ७५५४ ४८८४, ९) ५४७३ ३८७४, १०) ६२६३ ५५५४, ११) ३३४४ ६८४६, १२) ६१२५ ५८४८, १३) ५१७१ ५४६३, १४) ६१६३ १८२८, १५) २५५२ ७४६३, १६) ५२६३ ८४४४, १७) ७१८१ ४६७३, १८) ८२७३ २८२६, १९) ४२४३ ४५५३, २०) ३१५३ ४४५३, २१) ६३७४ ८७८५, २२) ७४८३ ७७७५, २३) २१४२ ७५७४, २४) ४२३४ ५३७३, २५) ३४२६ ७४८३, २६) ४१६३ ८३७२, २७) ६३७२ ७३७२, २८) ८१७२ ३७२६, २९) ११६१ ४८५७, ३०) ६१५१ ५७४६, ३१) ५१६१ ८८३८, ३२) ६१६७ ३८३७, ३३) ६७६२ ४६५५, ३४) १२१४ ५५४४, ३५) १४१५ ४४४३, ३६) ६२६३ ४३३२, ३७) २२२४ २६२५, ३८) १५१६ ३७३४, ३९) ६३६७ ३४२४, ४०) ६७२७ २४७४, ४१) ७२६३ २५२४, ४२) २७१७ २४२३, आणि पांढऱ्यानें डाव सोडला.

पहिल्या चार खेळ्या फार जुन्या आहेत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इटलींतील पोलेरिओच्या काळापासून त्या ठाऊक आहेत. पांढऱ्याचा उंट व घोडा मिळून ६७ च्या प्याद्यावर चालून येतात. त्या प्याद्यास राजावांचून दुसरा रक्षक नाहीं. टाराश या जर्मन पंडितानें चौथी खेळी अनाड्याची म्हणून हेटाळली. तरी ती आजवर मेलेली नाहीं, कारण तिच्यानें प्यादें खरोखरच मिळतें. त्याच्या मोबदल्यांत काळ्यास काय मिळतें, हाच तीनचारशें वर्षांचा वाद.

पांचव्या खेळीस काळ्यानें आपला घोडा कडेला १५ वर न्यावा हा राजमार्ग. बर्लिनर यांनीं २७२५ केलें. अमेरिकन खेळाडू उल्वेस्टाड यांच्या नांवानें ही चाल ओळखली जाते. उंटावर प्यादें अंगावर आलें. तें मारावें असें कोणासही वाटेल. पण मारलें तर काळा वजीर ४५ वर येऊन त्या उंटावर आणि ७२ च्या प्याद्यावर एकदमच डोळा ठेवतो. म्हणून उत्तम उत्तर असें कीं, उंटानें निमूटपणें आपल्या मूळ घरीं ६१ वर परत जावें आणि ७२ चें रक्षण आगाऊच करून ठेवावें. नवशिक्यास ही चाल हास्यास्पद वाटते. एस्ट्रिन यांना तिचें मर्म अर्थात् ठाऊक होतें. सातव्या खेळीनंतर जी स्थिति येते ती जर्मनींतील आलेक्झांडर फ्रिट्झ यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या मार्गाचीच.

येथपर्यंत पाठ. आठव्या खेळीस पांढरा घोडा ५४ वर हटला आणि काळा वजीर ८४ वर बाहेर आला. मग काळा उंट ७४ वर वजिरावर रोखला गेला. पांढऱ्यानें त्याच्यावर ६२६३ हें प्यादें घातलें. आतां वाचकांनीं पटाकडे नीट पाहावें. काळ्याचा ४४ वरील घोडा एका प्याद्याच्या तोंडीं आहे, ७४ वरील उंट दुसऱ्या प्याद्याच्या तोंडीं आहे. शहाणा गृहस्थ अशा वेळीं दोहोंतील एक तरी वांचवितो. बर्लिनर यांनीं दोन्ही तसेच ठेवून ५५५४ हें प्यादें पुढें केलें!

एस्ट्रिन यांनीं घोडा घेतला. तेव्हां काळ्यानें ४६ वर उंट आणला, आणि ७४ चा उंट अजूनही तसाच उघडा. तो कां मारतां येत नाहीं तें पाहण्यासारखें आहे. ६३७४ केलें कीं काळा उंट ७३ चा घोडा शह देऊन मारतो. ८२ च्या प्याद्यानें त्याला मारावें तर ती उभी ओळ उघडी पडते आणि काळा वजीर सरळ ८१ वर जाऊन हत्ती घेतो. म्हणून एस्ट्रिन यांनीं आधीं शह दिला, २५ चें प्यादें घेतलें, मग किल्लेकोट केला. हिशेबनीसाच्या दृष्टीनें बाराव्या खेळीस काळा पुरा एक घोडा व एक प्यादें गमावून बसला आहे, आणि त्याच्या राजाचा किल्लेकोटाचा हक्कही गेला आहे. परंतु पांढऱ्याच्या डाव्या बाजूचा हत्ती, घोडा, उंट व वजीर हीं चारही मोहरीं अद्याप आपापल्या जन्मघरीं आहेत. ११ च्या हत्तीनें तर या डावांत एकोणतिसाव्या खेळीपर्यंत पाऊल उचललें नाहीं! धान्य कोठारांत भरपूर, पण चूल पेटलेली नाहीं, अशी त्या पक्षाची गत.

चौदाव्या खेळीस आम्ही सर्वांत अधिक वेळ बसलों. पांढऱ्याचा हत्ती ६३ वर आला आहे व काळा उंट त्याला तत्काळ मारूं शकतो. हातांत आलेला हत्ती कोण सोडील? पण लगेच मारला असतां पांढरा वजीर ६३ वर उडी घेतो, आणि तेथून ४५ चा घोडा व ६७ चें प्यादें या दोहोंवर एकदम चाल करतो; सगळा हल्ला विस्कटतो. म्हणून बर्लिनर यांनीं १८२८ ही अगदीं साधी दिसणारी चाल केली. हत्ती २५ च्या उंटावर रोखला गेला, म्हणून उंट ५२ वर परतला, आणि तेथें तो आपल्याच वजिराच्या वाटेंत उभा राहिला! आतां काळ्यानें ६३ चा हत्ती मारला तेव्हां वजिरास तेथें पोंचतांच आलें नाहीं. उंटानेंच मारावें लागलें. लाभ एक खेळी लांबणीवर टाकला, आणि तेवढ्यानें प्रतिपक्षाचें सर्वांत बलाढ्य मोहरें कोंडलें गेलें. शिवाय तोच हत्ती पुढें २६ वर चढून आडव्या ओळीनें राजाच्या बाजूस जाण्यास सिद्ध झाला. आठव्या खेळीची वजिराची झेप पाहून टाळ्या पडतात; आमच्या मतें डावाचा पूर्वार्ध या चौदाव्या खेळीनें जिंकला.

पुढील दहा खेळ्या लगबगीच्या आहेत. विसाव्या खेळीनंतर पांढऱ्याकडे वजीर, हत्ती, उंट, घोडा, तर काळ्याकडे वजीर आणि दोन हत्ती उरतात. राजापुढील उभी ओळ बुजविण्यास पांढरा उंट ८३ वर जातो. काळीं प्यादीं त्याच्यावर चालून येतात. चोविसाव्या खेळीस एस्ट्रिन यांनीं घोडा ३४ वर आणून वजीर व हत्ती या दोहोंवर एकदम शस्त्र धरलें. चाल नामी आहे. पण वजीर ७३ चें प्यादें मारून निसटला, घोड्यानें हत्ती घेतला तों इकडे ८३ चा उंट गेला, आणि ७२ वर मात होण्याची वेळ आली. ती टाळतां टाळतां वजिराला वजीर गेला. अठ्ठाविसाव्या खेळीअखेर पटावर प्रत्येकाचा एकेक हत्ती; प्यादीं काळ्याचीं चार, पांढऱ्याचीं तीन.

येथें पुष्कळ वाचक पुस्तक मिटतात. एक प्यादें अधिक आहे, आतां काय राहिलें, असें त्यांना वाटतें. वस्तुतः हत्तीच्या अखेरींत एक प्यादें अधिक असूनही डाव बरोबरींत सुटणें हें नेहमींचेंच. आणि एस्ट्रिन यांनीं हत्ती ६१ वर आणून ६७ चें प्यादें धरलें तेव्हां तसेंच होणार असा रंग दिसूं लागला. काळ्यानें हत्ती त्या प्याद्याच्या पहाऱ्यास बसविला असता तर तो तेथेंच जखडला जाता. एकतिसाव्या खेळीस बर्लिनर यांनीं ८८३८ केलें: प्यादें सोडून दिलें! पांढऱ्यानें तें घेतलें. काळा हत्ती ३७ वर येऊन त्याच्या समोर ठाकला, कीं घ्या, हत्तीला हत्ती द्या.

तो बदला एस्ट्रिन यांनीं कां केला नाहीं, हें घरीं करून पाहावें. हत्ती गेल्यावर पांढऱ्याच्या राजास ८५ चें एकाकी प्यादें पकडण्यासाठीं पटाच्या कडेला धांवावें लागतें. तीन पावलांत तें मिळतें खरें. परंतु तेवढ्यांत काळा राजा मधून चालत येऊन चौथ्या पावलास ४३ चें प्यादें घेतो, आणि मग उरलेल्या दोन प्याद्यांपाशीं त्याला अडविणारा कोणीही जवळ नसतो. म्हणून पांढरा हत्ती ६२ वर मागें आला. राजाची वाट तरी कोठें चुकली! ५५, ४४, ४३ असा तो चालत गेलाच. प्यादीं आतां तीनास दोन, पण खरा लाभ प्याद्यांचा नव्हे. काळा राजा प्रतिपक्षाच्या घरांत ३२ वर जाऊन बसला आहे आणि पांढरा राजा दूर ७२ वर प्रेक्षक झाला आहे. राजा म्हणजे झांकून ठेवण्याचें मोहरें, ही आपली समजूत डावाच्या आरंभीं खरी. अखेरीस तोच सेनापति होतो.

शेवटली एक गंमत सांगण्यासारखी आहे. चाळिसाव्या खेळीस काळा हत्ती ७४ वर शह देऊन उभा राहतो. पांढरा राजा त्याला येऊन भिडतो, पण मारूं शकत नाहीं, कारण ८५ चें तें कडेचें प्यादें हत्तीस राखून आहे. आणि तोच हत्ती आडव्या ओळीनें २४ वर येणाऱ्या प्याद्यास राखतो. ज्या प्याद्यास कोणी मोजीत नव्हतें त्याच्यावर सारी इमारत टेकली आहे. प्यादें २३ वर पोंचतांच एस्ट्रिन यांनीं डाव सोडला. त्यांचें स्वतःचें प्यादेंही वजीर होण्याच्या वाटेवर होतें, मग सोडला कां? १७२७ २३२२, १६१७ ७४१४ असें पुढें खेळून पाहावें: काळा हत्ती त्या प्याद्याच्या पाठीमागें जाऊन उभा राहतो.

या पराभवानें एस्ट्रिन खचले असें कोणी समजूं नये. १९७२ ते १९७६ या काळांत झालेल्या सातव्या स्पर्धेंत तेच अजिंक्य ठरले. बर्लिनर यांनीं पुढें अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठांत गणकयंत्रांच्या विद्येस वाहून घेतलें. त्यांनीं रचलेल्या कार्यक्रमानें १९७९ सालीं माँटे कार्लो येथें बॅकगॅमन या फाशांच्या खेळांत जगज्जेत्या लुइजी व्हिला यांना हरविलें, आणि नंतर ‘हायटेक’ नांवाचें बुद्धिबळें खेळणारें यंत्रही त्यांच्या देखरेखीखालीं तयार झालें. २०१७ सालीं ते वारले. ज्यानें पत्रांच्या खेळांत असा डाव खेळला त्यानेंच यंत्रास खेळ शिकविण्यांत आयुष्य घालवावें, हा योग विलक्षण खरा. कारण आज पत्रबुद्धिबळाच्या आंतरराष्ट्रीय संघाच्या स्पर्धांत यंत्राचें साह्य घेण्यास मुभा आहे, आणि वरच्या श्रेणींत बहुतेक डाव बरोबरींत सुटतात. या डावांतही पांढऱ्याला अमक्या ठिकाणीं दुसरा मार्ग होता हें यंत्र क्षणांत सांगेल. आठव्या खेळीस घोडा न हटवितां ३३४४ करून काळ्याचा घोडा घ्यावा, वजिरास ७५ चा घोडा घेऊं द्यावा आणि २५ वर उंटाचा शह द्यावा, हा मार्ग जाणत्यांस ठाऊकच आहे.

आमची सूचना एवढीच कीं, यंत्रास आधीं विचारूं नये. हा डाव घरांत चारपांच जणांनीं मिळून लावण्यासारखा आहे. एकानें पांढऱ्याच्या खेळ्या वाचाव्या. बाकीच्यांनीं, त्यांत लेकीसुना व नातवंडेंही आलीं, काळ्याची खेळी आपापल्या चिठ्ठीवर चार अंकांत लिहावी, आणि मगच छापील खेळी पाहावी. चौदाव्या आणि एकतिसाव्या खेळीस मात्र त्याच बैठकींत उत्तर उघडूं नये. पट कोनाड्यांत कोणाचा धक्का लागणार नाहीं असा ठेवावा, आणि चिठ्ठ्या दुसऱ्या दिवशीं रात्रीं जेवणें आटोपल्यावर उघडाव्या.